जर्मन पोलीस आपोआप बदलले नाहीत

महोदय,

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत लोकशाही आली आणि पोलीसही आपोआप बदलले, असा समज अनेकांचा असतो. तो खरा नाही. पोलीस दल राज्यांच्या हाती गेले, पण नाझी काळातले कितीतरी अधिकारी पुन्हा पदांवर आले. जून १९६२ मध्ये म्युनिकच्या श्वाबिंग भागात रस्त्यावर गिटार वाजवणाऱ्या तरुणांना हटवण्यावरून दंगल उसळली. अनेक रात्री पोलिसांनी दिसेल त्याला लाठ्यांनी झोडपले. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी मानसशास्त्रज्ञाची मदत घेतली, जमावाशी बोलायला सुरुवात केली.

तरीही २ जून १९६७ रोजी पश्चिम बर्लिनमध्ये इराणच्या शहांविरुद्धच्या निदर्शनांत बेनो ओनेसोर्ग हा विद्यार्थी पोलिसाच्या गोळीने मेला. गोळी झाडणारा निर्दोष सुटला. एक पिढीच्या पिढी संतापली, आणि ते योग्यच होते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ब्रोकडॉर्फ गावच्या अणुवीज प्रकल्पाविरुद्धच्या निदर्शनांबाबतचा १९८५ चा ब्रोकडॉर्फ निकाल. काही जण हिंसक झाले म्हणून शांततेने निदर्शने करणाऱ्यांचा हक्क हिरावता येत नाही आणि पोलिसांनी आयोजकांशी सहकार्य करावे, असे जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने बजावले. निदर्शक म्हणजे शत्रू नव्हे, हे कायद्यानेच सांगावे लागले.

नाझी राजवटीतील पोलिसांच्या गुन्ह्यांवरचे प्रदर्शन बर्लिनच्या जर्मन ऐतिहासिक संग्रहालयात २०११ मध्ये भरले. पुढाकार पोलिसांचाच होता, याचे कौतुक वाटते. पण तोवर ६६ वर्षे उलटली होती आणि बहुतेक गुन्हेगार शिक्षेविना निवर्तले होते, याची चीड येते.

– एक वाचक, पुणे