चढाचं काही नाही रे, बंड्या

मुलुंड,
11 जानेवारी

प्रिय बंड्या,

आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. दिवाळीत तुझा फोन आला, मी 'उद्या करतो' म्हणालो आणि तो उद्या काही उजाडला नाही. आता बातमी ऐक. मी ट्रेकला जायला लागलोय. हस. फोनवर सांगितलं असतं तर तू स्पीकर लावून वहिनींना हाक मारली असतीस, म्हणून हे पत्र.

तब्येत ठीक. साखर थोडी वाढली, डॉक्टर म्हणाले चाला, चालायला लागलो. थंडी पडल्यावर ऑफिसातल्या पोरांनी मला उचललंच. "काका, पावसात शेवाळं, मेमध्ये ऊन. तुमच्यासारख्यांनी आत्ताच सुरुवात करावी." तुमच्यासारख्यांनी! जन्मभर तुला 'दगडं बघायला एवढी तंगडतोड कशाला' म्हणणारा मी, मुकाट्याने अ‍ॅक्शनचे बूट घेऊन आलो. हो, तू सांगायचास तेच. विन्याला यातलं अक्षर कळता कामा नये.

चढाचं काही नाही रे. चढताना दम लागतो, तो आपल्या स्टेशनच्या पुलावरही लागतो. माझं घोडं उतरताना अडतं. हे तुला एकट्याला माहीत आहे. लोहगडाच्या विंचूकाट्यावर काय झालं ते तू कुठे बोलला नाहीस, माझ्या लग्नात सगळे एकमेकांची लक्तरं काढत होते तेव्हाही नाही. त्याचे आभार मी मानलेले नाहीत, आताही मानत नाही.

गेल्या रविवारी पेठच्या किल्ल्याला गेलो. पहाटेची कर्जत, पुढे टमटमने कशेळ्यावरून आंबिवली. पेठवाडीत चहा झाला, वरच्या गुहेतले कोरीव खांब बघून झाले, मग सुळक्याच्या पोटातून कोरून काढलेल्या त्या जिन्याने वर. चढलो की मस्त! वर पाण्याचं टाकं, समोर भीमाशंकरची रांग, सिद्धगड, पदरगड. वारा असा की नाक आहे की नाही ते चाचपून बघावं. फोटोबिटो काढले. आणि मग कोणीतरी म्हणालं, "चला, उतरू या."

पहिल्या पायरीवरच गुडघ्यांनी संप केला. पायऱ्या चांगल्या उंच, कडा झिजलेल्या, वर कातळ, खाली उजेडाचा एक तुकडा. मी पायाला हुकूम सोडतोय आणि पाय ऐकतच नाही. मागे कुठल्याशा शाळेची सहल, त्यांचे सर "चला चला, खोळंबा नको" करतायत. शेवटी मी बूड टेकलं आणि घसरगुंडी सुरू केली. पँटचं काय झालं विचारू नकोस. आमच्यातली एक पोरगी, शर्वरीच्याच वयाची, खालून ओरडली, "काका, तोंड कातळाकडे करा आणि शिडीसारखं उलटं उतरा. खाली बघू नका, फक्त पुढची पायरी बघा." तसा उतरलो. पुढे घसारा लागला. तुला सांगायला नको, पण या दिवसांत माती वाळून खडखडीत होते आणि तिच्यावर तो मुरूम, म्हणजे फरशीवर सांडलेल्या साबुदाण्यावरून चालणं. बाजूच्या वाळक्या गवतावर पाय ठेवावा तर ते आणखी निसरडं. मी भीतीने मागे रेलायचो आणि तिथेच पाय सुटायचा. तीच पोरगी म्हणाली, गुडघे वाकवा, छोटी पावलं टाका, भार पुढे घ्या. तू मला हे राजमाचीला का नाही रे सांगितलंस? तिथे आख्खा दिवस काडेपेटी कोण विसरलं यावर भांडण्यात घालवलास. (तूच विसरला होतास.)

आता येत्या शनिवारी रात्री कळसूबाई. कसारा लोकल, जीपने बारी, अंधारात चढायचं, 1646 मीटरवर सूर्योदय बघायचा. कुलंग-मदन-अलंग सकाळी दिसतात म्हणे, तू तिथे तीन दिवस उपाशी राहिलास ते पोरांना तिखटमीठ लावून सांगणार आहे. पण त्या लोखंडी शिड्या, बंड्या! चढताना रात्र असेल, काही दिसणार नाही, निभेल. उतरताना लख्ख सकाळ. त्यात रविवारची गर्दी, त्याच शिडीवर चढणारे आणि उतरणारे. मी मधेच थिजलो तर वरचे वर, खालचे खाली. कोणीतरी फोन काढणार, आणि संध्याकाळी विन्याकडे व्हिडिओ. हसू नकोस, रात्री अडीचला मला हेच दिसतं.

म्हणून आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची शिडी धरली आहे. सकाळी सहाला, पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक, वर-खाली, वर-खाली. सेक्रेटरींनी पाहिलं. काय सांगणार? म्हटलं, टाकी बघतोय. आता सोसायटीत बोभाटा झालाय की टाकी गळते आणि मला आधीच माहीत होतं. पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर विषय आलाय.

लीडरला आधी सांगू का? सांगितलं तर तो मला बारीच्या चहाच्या टपरीवर बसवून जाईल. न सांगावं तर बाकीच्या पोरांना घोर. तू काय केलं असतंस ते माहीत आहे, तू सांगितलं असतंस. पण तुला कधी भीती वाटलीच नाही, तुझं काय घेऊन बसायचं.

तुझं कसं काय? गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं मंदाकडून कळलं, जिने चढतोस का? मिहिरची नोकरी लागली हे फार बरं झालं. वहिनींच्या आईचं वाचलं, वाईट वाटलं. त्यांना वेगळं लिहीन.

एक काम कर. विंचूकाट्यावर मी त्या कातळाला चिकटलो होतो तेव्हा तू खालून सतत काहीतरी बडबडत होतास. चव्हाण सरांच्या लुनाचं काहीतरी होतं, पेट्रोल संपलं आणि सर पेडल मारत वर्गावर आले वगैरे. मी उतरलो ते तुझ्या त्या बडबडीवर. पूर्ण गोष्ट आठवत नाहीये. शुक्रवारपर्यंत फोन करून सगळी सांग, शेवटासकट. रात्री नऊनंतर कर, त्याआधी ही समोर असते आणि तिला शिड्यांचं बोललेलो नाही.

तुझा,
बाळ्या

ता. क. तुझी निळी सॅक माझ्याच माळ्यावर निघाली. म्हणजे ती विन्याने ढापली नव्हती. त्याच्याशी धरलेला अबोला सोडायचा की नाही ते तुझं तू ठरव.