अ‍ॅनिमेशन शिकवायला समोर बसणारा माणूस हवा

मा. संपादक, स.न.वि.वि.

वडोदऱ्यात मुलांना अ‍ॅनिमेशन शिकवायचं म्हटलं की सगळे सॉफ्टवेअरच्या क्लासला घालतात, मी पण मुलीला घातलं, वर्षभर फी भरली, चाळीस पोरं एका खोलीत, ती बटणं शिकली पण गोष्ट सांगायला काही शिकली नाही. मग दांडिया बाजारातल्या ओळखीच्या एका काकांनी, ते आधी याच कामात होते, तिला दर रविवारी एकटीला समोर बसवलं. पहिला महिना फक्त टप्पा खाणारा चेंडू! सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक 24 स्थिर छबी, दोन फ्रेमला एक चित्र धरलं तरी 12 चित्रं, ती पेन्सिलनं काढायची आणि काका कागद बोटांत धरून फरफर उलटून दाखवायचे की बघ, वर गेल्यावर चेंडू रेंगाळतो, तिथे चित्रं जवळजवळ काढ, खाली येताना लांब लांब. चाळीस जणांत हे कोण बघणार हो? परवा तिनं आजीची गोष्ट सहा चौकटींत मांडली, काकांनी एक चौकट नुसती हातानं झाकली आणि गोष्ट जास्त चांगली कळली, मी बघतच राहिले.

दादासाहेब फाळके इथल्याच कलाभवनात शिकले, पुढे त्यांनी आगकाड्या हलवून फिल्मसुद्धा केली. इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाईन आर्ट्स फॅकल्टी 1950 पासून आहे. इतके जाणते लोक गावात असताना आपल्या मराठी मंडळांनी एक निवृत्त कलाकार आणि एक मूल अशा जोड्या लावून द्याव्यात, ही कळकळीची विनंती. नावं गोळा करायला मी तयार आहे.

– एक आई, दांडिया बाजार, वडोदरा