वरातीचा घोडा चातुर्मासात कुठे उभा असतो?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शहर पुरवणीत गेल्या आठवड्यात एका लेआउटमधील मोकळ्या प्लॉटवर चिखलात उभ्या असलेल्या दोन पांढऱ्या घोड्यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि दोनच दिवसांनी त्यावर वाचकांची पत्रेही आली. घोडे पाळणाऱ्यांना काळीज नसते, असा त्या पत्रांचा एकंदर सूर होता. ते घोडे माझे नव्हते. परंतु सात-आठ वर्षांपूर्वी कोणी माझ्या प्लॉटवर येऊन छायाचित्र काढले असते, तर त्यात याहून वेगळे काही दिसले नसते. वरातीसाठी आणि बग्घीसाठी घोडे पाळण्याचा धंदा आमच्या घरात वडिलांपासून चालत आला आहे. तेव्हा त्या चिखलामागे काय असते आणि त्यातले किती टाळता येण्याजोगे आहे, हे सांगण्याचा थोडाफार अधिकार मला आहे असे समजून हे पत्र लिहीत आहे.

सुरुवात पंचांगापासूनच करावी लागेल. आषाढी एकादशीला लग्नाचे मुहूर्त थांबतात आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा सुरू होतात. नागपूरला वर्षाकाठी सरासरी हजार मिलिमीटरहून थोडा अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. म्हणजे ज्या दिवसांत घोड्याच्या पायाखाली सर्वांत जास्त खर्च करायला हवा, नेमक्या त्याच दिवसांत घोडेवाल्याच्या हाती दमडी येत नसते, मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा नोकर, धानाच्या रोवणीसाठी भंडाऱ्याकडे आपल्या गावी गेलेला असतो आणि एरवी वरातीत मैलोगणती चालणारे जनावर सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच खुंट्याला बांधलेले असते. बैलाला पावसाळ्यात निदान शेतावर जावे लागते आणि श्रावण संपता संपता पोळ्याला त्याचा मानही होतो. घोड्याची पूजा दसऱ्याला असते आणि तोवर त्याच्या टाचा सडून गेलेल्या असतात.

त्यात आपली माती काळी. उन्हाळ्यात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरींतच ती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात आणि पाणी खाली मुरण्याची वाट बंद होते. त्यानंतर जो थेंब पडतो तो वरच राहतो. अशा जमिनीवर साडेतीनशे किलोचे जनावर चार टापांवर दिवसभर जागच्या जागी पाय आपटत असते आणि तिथेच रोज पंधरा-वीस किलो लीद टाकत असते. आठ दिवसांची झड लागली की त्या जागी माती, लीद आणि मूत यांचा रेंदा तयार होतो. तो टापेला असा ओढून धरतो की घोड्याने पाय उचलला तर पाय वर येतो आणि नाल खालीच राहतो. आमच्या जुन्या वस्तीत आणखी एक अडचण आहे. समोरचे रस्ते सिमेंटचे झाल्यापासून प्लॉटची पातळी रस्त्याच्या खाली गेली आहे. पूर्वी अंगणातले पाणी रस्त्यावर जात असे, आता रस्त्याचे पाणी अंगणात येते.

आता घोड्याच्या रंगाविषयी, कारण छायाचित्रातले दोन्ही घोडे पांढरे होते. वरातीला लोक पांढराच घोडा मागतात. त्यातही नुकरा, म्हणजे ज्याची कातडीच गुलाबी असते असा जन्माचा पांढरा घोडा, सर्वांत महाग. रंगीत घोडा असेल तर तो पंचकल्याणी हवा, म्हणजे चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीच्या सुमारास कोरड्या जमिनीवर उभ्या केलेल्या पंचकल्याणी घोडीचे पाय पाहून कोणाचेही मन मोहून जाईल. पण पांढऱ्या केसांखालची ही गुलाबी कातडी चिखलाला सर्वांत आधी हार मानते, हे यात्रेत कोणी सांगत नाही. ज्या खुणेसाठी आपण जास्त पैसे मोजतो, तीच श्रावणात आपल्याला रडवते.

हे मी स्वतःच्या चुकीने शिकलो. आमच्या राणीचे मागचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत पांढरे आहेत. एका पावसाळ्यात मी रोज संध्याकाळी बोअरच्या पाण्याची नळी लावून तिचे पाय स्वच्छ धुवायचो आणि तशीच ओली तिला बांधायचो. जनावराची निगा राखतो आहे, अशी माझी समजूत होती. महिनाभरात घोट्याखाली, टाचेच्या वरच्या खोलगट जागेत, बाजरीच्या दाण्याएवढ्या खपल्या हाताला लागू लागल्या. एक खपली नखाने सोडवली तर तिच्यासोबत केसांचा झुबकाच निघाला, अगदी रंगाच्या छोट्या कुंचल्यासारखा, आणि खाली लालभडक ओले मांस. राणीने पाय असा झटकला की माझा मोबाइल गवाणीत जाऊन पडला. डॉक्टरांनी सांगितले की हा कातडीवरच राहणाऱ्या जिवाणूचा आजार असून निरोगी, कोरड्या कातडीत त्याला शिरता येत नाही. सतत ओलीने कातडी पांढरीफटक आणि मऊ झाली आणि खरखरीत ब्रशने ती खरवडली गेली की त्याला दार उघडे होते. ते दार रोज संध्याकाळी मी स्वतः उघडत होतो. तेव्हापासून आमच्याकडे नियम असा आहे की चिखल पायावरच वाळू द्यायचा आणि वाळल्यावर मऊ ब्रशने झाडायचा. धुतलेच तर जुन्या सुती लुगड्याने टाचेची खोबण पूर्ण कोरडी होईपर्यंत पुसायची. खपल्या ओढून काढायच्या नाहीत, त्या औषधी साबणाने भिजवून मऊ होऊ द्यायच्या.

खुराच्या तळव्याचे दुखणे याहून गुपचूप येते, कारण ते दिसण्याआधी त्याचा वास येतो. तळव्याच्या मध्यभागी जो त्रिकोणी, रबरासारखा मऊ भाग असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत लीद आणि चिखल बसून राहिला की आत हवा जात नाही आणि हवेवाचून वाढणारे जंतू तो भाग काळा करून सडवतात. खूर रोज खरवडला तर हे होत नाही, त्याला पाच मिनिटे लागतात. तळव्याला जळके ऑइल फासण्याची जी रीत आपल्याकडे आहे ती मात्र सोडून द्यावी, कारण त्याने घाण आत कोंडली जाते आणि जिवंत भाग भाजतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातले मोरचुदाचे पाणी त्याहून स्वस्त पडते. नालबंदालाही पावसाळ्यात सुट्टी देऊ नये. धंदा बंद म्हणून नाल बदलण्याचे लांबवले की वाढलेला, मऊ पडलेला खूर नालेसह फाटतो आणि कार्तिकात पहिली वरात येते तेव्हा खिळा धरायला जागाच उरत नाही.

चिखलाचे एक दुखणे असे आहे की ते आजार म्हणून ओळखताच येत नाही. घोडा उभ्याने झोपतो, असे आपण सगळेच म्हणतो आणि ते अर्धे खरे आहे. डुलकी तो उभ्याने घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ का होईना, अंग टाकावेच लागते. ओल्या चिखलात बहुतेक घोडे अंग टाकत नाहीत. एका ऑगस्टच्या रात्री पावसाचा जोर पाहायला मी बॅटरी घेऊन बाहेर आलो, तेव्हा आमची म्हातारी घोडी मान खाली घालून उभी होती. पाहता पाहता तिचे पुढचे गुडघे दुमडले, ती नाकावर आली आणि दचकून पुन्हा उभी राहिली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. सकाळी पाहिले तर दोन्ही पुढच्या पायांवर सोललेल्या जुन्या-नव्या जखमा होत्या, ज्या मी कित्येक दिवस दगडाला घासल्याच्या समजत होतो. मी अशक्तपणाच्या औषधाची चौकशी करू लागलो तर डॉक्टर म्हणाले, औषध नको, हिला निजायला कोरडी जागा द्या. शेजारच्या रिकाम्या गोदामात तणसाचा जाड थर टाकून तिला सोडले, तर ती दहा मिनिटांत आडवी झाली आणि घोरू लागली.

त्या रात्रीनंतर मी जागेवर खर्च केला. तो कसा, ते सविस्तर लिहितो, कारण ही माहिती नालबंदाकडे मिळत नाही आणि मिस्त्रीला घोड्याचे कळत नाही. सर्वांत आधी छपराचे पाणी. वीस बाय तीस फुटांच्या टिनावर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर जवळपास 2800 लिटर पाणी उतरते, म्हणजे दोनशे लिटरचे चौदा ड्रम आपण स्वतःच्या हाताने दावणीत ओतल्यासारखे होते. टिनाला पन्हळ लावून ते दूर नेले आणि रस्त्याकडच्या बाजूला हातभर रुंद चर खणला, एवढ्यानेच निम्मा चिखल कमी झाला. मग उभे राहण्याची जागा. पहिल्या वर्षी मी सरळ मातीवर गिट्टी टाकली होती आणि ती पोळ्यापर्यंत जमिनीत गडप झाली. फुगलेली काळी माती दगड गिळते. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात सहा इंच माती काढून टाकली, तळाला रस्त्याच्या कामात वापरतात ते जिओटेक्स्टाइल कापड अंथरले, त्यावर चार इंच जाडीची चाळीस मिलिमीटरची गिट्टी दाबली आणि वर तीन इंच चुरी, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, टाकून रोलर फिरवला. तेवढ्याच वीस बाय तीस जागेला दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) गिट्टी आणि दीड ब्रास चुरी लागली. वीस फुटांत चार-पाच इंचांचा उतार ठेवला. ही जागा आता पाचवा पावसाळा पाहते आहे आणि अजून एकही नाल तिथे रुतलेला नाही. मात्र लीद रोज दोनदा उचलावी लागते. ती पडून राहिली तर चुरीचाही रेंदा होतो.

चाऱ्याबद्दल थोडक्यात. कडबा किंवा सोयाबीनचे कुटार जमिनीला टेकलेले असेल तर झडीत खालून बुरशी धरते. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले बुरशीचे वैरण पोटशूळ होऊन त्याच्या जिवावर बेतू शकते. फळ्यांवर चारा रचावा आणि वास आला तर तो टाकून द्यावा, कितीही महाग असला तरी.

पाय सुजण्याबद्दल मात्र घोडेमालकांना कळकळीने सांगावेसे वाटते. चिखलाने सुजलेला पाय खपल्यांच्या जागी सुजतो आणि तिथे हात लावू देत नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर घोडमाशी वाढली की सर्रा नावाचा रक्तातील परजीवीचा रोग येतो. त्यातही पाय सुजतात, पण सोबत पोटाखालीही सूज उतरते, ताप येतो-जातो आणि घोडा खात असूनही वाळत जातो. ही सूज चिखलाची समजून आठवडा-दोन आठवडे लेप लावत बसलेले लोक मी पाहिले आहेत. वेळेवर उपचार न झाल्यास सर्रा घोड्याचा जीव घेतो. रक्त तपासून घेण्याला पर्याय नाही. तीच गोष्ट धनुर्वाताची. त्याचे जंतू मातीत आणि लिदीतच असतात, चिखलात लपलेला एक खिळा पुरेसा होतो आणि घोड्याइतके त्याला लवकर बळी पडणारे जनावर क्वचितच असेल. पहिल्यांदा लस देताना चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात. म्हणजे मृगाच्या आधी दोन्ही व्हायच्या तर एप्रिलमध्येच हालचाल करायला हवी.

म्हणून एक विनंती. सेमिनरी हिल्सवर आपले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि पशुविज्ञानाचे विद्यापीठही याच शहरात आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये शहरातल्या वरातीच्या आणि बग्घीच्या घोड्यांसाठी खूर, कातडी आणि लस यांचे एक दिवसाचे शिबिर तिथे घेता आले तर आम्ही घोडेवाले लग्नसराई असूनही वेळ काढून येऊ.

राहिला प्रश्न त्या छायाचित्रातल्या घोड्यांचा. चौकशी करून मी त्या मालकाला भेटलो. त्याचा प्लॉट रस्त्याहून दीड फूट खाली आहे आणि आता भर पावसात तिथे चुरी टाकण्यात अर्थ नाही, ती आठ दिवसांत बुडेल. लीद उचलून आणि चर खणून दिला आहे, एका घोड्याच्या मागच्या पायाला खपल्या आहेत, त्यावर औषध सुरू केले आहे. त्या दोघांना कार्तिकापर्यंत कोरड्या फरशीची आणि वर छप्पर असलेली जागा हवी आहे, एखादे रिकामे गोदाम किंवा वापरात नसलेले पार्किंग शेडही चालेल. ज्या वाचकांनी त्या घोड्यांविषयी पत्रे लिहिली त्यांच्यापैकी कोणाकडे अशी जागा असल्यास त्यांनी दैनिकाच्या कार्यालयात कळवावे. भाडे फारसे देता येणार नाही, पण दोन घोड्यांचे लीदखत बागेसाठी रोज पोचते करण्याची हमी मी घेतो.

आपला,
एक घोडेमालक, नागपूर