सूचना : कदंबकालीन पथकाचं रविवारचं काम

सर्व सभासदांना नमस्कार. गोव्याच्या कदंब राजांच्या काळातल्या लढाईची प्रात्यक्षिकं करणाऱ्या आपल्या पथकासाठी येत्या रविवारी सकाळी ९ वाजता फोंड्याला ढाली करायच्या आहेत. प्लाय ६ मिलिमीटरचं, मरीनच (ओलीत टिकणारं) आणा. साधं प्लाय आपल्या पावसात कडेनं पाणी पितं आणि थर सुटतात. कापल्याबरोबर कडांना वार्निशचे दोन हात द्यायचे. पहिला हात पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा मारला की बुडबुडे धरतात, आणि तिथूनच ओल शिरते. मूठ बोल्टनेच बसवा, स्क्रू दणक्याने सैल होतात. आत आलेलं बोल्टचं टोक कापून कानशीने घासा, नाहीतर मनगट सोलवटतं. ढालीवरचा सिंह मात्र मनाने रंगवू नये, कदंबांच्या नाण्यांवर आहे तसाच हवा.

सरावाच्या वेताच्या तलवारी फडका फिरवून तपासा. कुसळ निघालेली किंवा चिरलेली तलवार टेप लावूनही चालणार नाही; डोळ्याचा प्रश्न आहे.

चिलखताच्या कड्या घाम पुसून, शिलाई मशीनचं तेल लावून ठेवा. खोबरेल चिकट होतं. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, गंज चढतो.

आपल्या पथकाच्या संस्था नोंदणीला १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात सह्या लागतात, ओळखपत्राची प्रत आणा. तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ संरक्षित स्मारक आहे. लेखी परवानगी हातात आल्याशिवाय तिथलं प्रात्यक्षिक कुणीही जाहीर करू नये.