लहानपणी हृदयाचे ऑपरेशन झालेल्यांच्या तपासणीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

यंदा गणेशोत्सवाच्या वर्गणीसोबत मंडळाचे कार्यकर्ते एक वेगळे पावतीपुस्तक घेऊन येतील. खानापूर तालुक्यातल्या ज्यांचे लहानपणी हृदयाचे ऑपरेशन झाले आणि जे आता मोठे झालेत, त्यांच्या तपासणीसाठी हा निधी आहे.

"ऑपरेशन झालं, पोर वाचलं" म्हणून घरचे निर्धास्त होतात. हृदयातले साधे भोक वेळेत बुजवले असेल, तर बहुतेकांना पुढे त्रास होतही नाही. पण जी बाळे निळी पडायची, ज्यांच्या कागदावर ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ हा जन्मजात हृदयदोष लिहिलेला असतो, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांची फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करावी लागते आणि मग तिथली झडप पुष्कळदा गळत राहते. गळलेले रक्त मागे येऊन हृदयाचा उजवा कप्पा वर्षानुवर्षे फुगतो. माणूस मात्र भाताची लावणी करत असतो, त्याला काहीच जाणवत नाही. फार उशीर झाला, तर नवी झडप बसवूनही कप्पा सावरेलच असे नाही. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नियमित हवाच. पण उजव्या कप्प्याचे नेमके माप आणि झडपेची गळती मोजायला हृदयाचा एमआरआय लागतो.

18 वर्षांपर्यंत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आधार असतो. पुढे आयुष्मान कार्ड आहे, पण ते दाखल झालेल्या रुग्णासाठी; बाहेरून केलेल्या तपासणीचा खर्च घरच्यांवरच पडतो.

मुलींचे तर आणखी अवघड. सोयरीक मोडेल म्हणून ऑपरेशन लपवले जाते. गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो आणि डॉक्टरांना मागचे काहीच ठाऊक नसते. हे स्पष्ट लिहिल्याचा कुणाला राग आला तरी चालेल. दिवस राहण्याआधी तपासणी झाली पाहिजे, हे सासरच्यांनीही मनावर घ्यावे.

देखाव्याचा खर्च आम्ही यंदा कमी केला आहे. तरी त्यातून वाचलेले पैसे पुरणार नाहीत. जमेल ती रक्कम द्या, पावती घ्या. पैसे थेट तपासणी केंद्रात भरले जातील, रुग्णाच्या हाती किंवा आमच्या खिशात नाहीत. हिशेब मंडपातल्या फलकावर लागेल, नावे लागणार नाहीत. जांबोटी, कणकुंबीकडच्या लोकांना बेळगावला नेण्यासाठी गाडीवाल्यांचीही गरज आहे.

घरात असे कुणी असेल तर ट्रंकेतली जुनी फाईल आधी शोधा. डिस्चार्ज कार्ड सापडले तर उत्तम. पेसमेकर बसवला असेल तर एमआरआयपूर्वी डॉक्टरांना जरूर सांगा. कागद हरवले असतील तरी या.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते