जपानमधल्या मात्सुएच्या किल्ल्यात अण्णांसाठी खांब वाजवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव तुमच्या बिल्ल्यावर होतं, पण तुम्हाला विचारल्याशिवाय ते इथे लिहीत नाही. ओकायामातली माझी मैत्रीण हे पत्र जपानीत करून किल्ल्यात पोचवणार आहे. मराठीत मी ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण ज्यांच्या घरात न दिसणारं माणूस आहे त्यांनी हे वाचावं असं फार वाटतं.

पांढरी काठी घेतलेले, माझा कोपर धरून चालणारे ते माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याआधी ते लोणावळ्याला रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यात होते. गाडी उभी राहिली की हातोडी घेऊन चाकं ठोकत जायचं. ठणठणीत वाजलं तर चाक बरं, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर. सगळा जन्म कानांवर आणि हातांवर काढलेला माणूस आहे तो.

आणि अशा माणसाला आम्ही कुठेही नेलं की काय ऐकायचो? एका सहल कंपनीच्या माणसाने भर बसमध्ये सांगितलं, "काकांना इथेच बसू द्या, त्यांना तसंही काय दिसणार?" सगळे किल्ला बघून येईपर्यंत अण्णा त्या तापलेल्या बसमध्ये बसून राहिले. पैसे मात्र पूर्ण घेतले होते. एका वस्तुसंग्रहालयात तर रखवालदार अंगावर ओरडला, तेही उघड्यावर ठेवलेल्या दगडी पायरीला हात लावला म्हणून. अण्णा काही बोलले नाहीत. पण त्यानंतर कुठे जायचं म्हटलं की "तुम्ही या जाऊन" एवढंच म्हणायचे. त्या लोकांना मी अजून माफ केलेलं नाही.

मात्सुएला ते आले ते माझ्या हट्टाखातर. ओकायामाहून निघालेली गाडी डोंगरातून वळणं घेत जाते, तेवढा प्रवास त्यांना आवडला होता. किल्ल्यात मात्र बूट काढून आत आलो तेव्हा ते गप्प होते, काठी अंगाशी धरून. कुणाला धक्का लागू नये, कशाला हात लागू नये, असे आकसून.

तुम्ही आलात. आधी मला नाही, त्यांना वाकून नमस्कार केलात आणि स्वतःच्या आवाजात सांगितलंत की मी इथे आहे. मग आत जाऊन कुणाला तरी विचारून आलात. त्यांचा हात धरून खांबावर ठेवणं सोपं होतं, सगळे तेच करतात. तुम्ही ते केलं नाहीत. तुम्ही खांबापाशी गेलात, बोटाच्या पेराने हलकेच टकटक केलीत आणि थांबलात. अण्णांनी मान वळवली. तुम्ही पुन्हा टकटक केलीत. ते माझा कोपर सोडून त्या आवाजाकडे एकटे चालत गेले आणि हात पुढे करून खांब त्यांनी स्वतः शोधला.

काका, माझे आभार आहेत ते त्या थांबण्याचे.

पुढचं तुम्हाला आठवत असेलच. अण्णांनी खांब चाचपला, मग पेराने तो वाजवला, थोडं सरकून पुन्हा वाजवला आणि म्हणाले, "हा एकसंध नाही. आत एक लाकूड आहे, वरून फळ्या मारल्यात." मी तुम्हाला ते सांगितलं तेव्हा तुमचा आवाज केवढा खुलला! मग तुम्ही दोघं लागलातच. खांबाला फळ्यांचं वेष्टण, त्यावर लोखंडी पट्टे आणि आकडे. किल्ल्यातल्या तीनशेच्या वर खांबांपैकी शंभरावर खांब असे बांधलेले. पट्ट्याची कड कुठे संपते, आकडा लाकडात कुठे शिरतो, हे अण्णा अंगठ्याने बघत होते आणि तुम्ही एकेका खांबापाशी टकटक करून पुढे जात होतात. आजूबाजूचे पर्यटक बाजूला होऊन वाट देत होते. जिन्यांच्या पायऱ्या पाउलोनियाच्या हलक्या लाकडाच्या, हल्ला झाला तर जिना वर ओढून घेता यावा म्हणून, हेही तुम्ही सांगितलंत. मोज्यांतल्या पायांना ते लाकूड उबदार लागतं, असं अण्णा म्हणाले. आम्ही डोळसांनी ते जाणवूनही घेतलं नव्हतं.

तळघरात तुम्ही खिळ्यांच्या भोकांची गोष्ट सांगितलीत, ती मला फार आवडली. किल्ला १६११ साली पुरा झाला हे सांगणाऱ्या लाकडी पाट्या २०१२ मध्ये सापडल्या, त्यांची भोकं इथल्या खांबांवरच्या भोकांशी तंतोतंत जुळली, आणि २०१५ मध्ये किल्ल्याला राष्ट्रीय ठेव्याचा मान मिळाला. दुसरी गोष्ट १८७५ ची. सरकारने किल्ल्याच्या इमारती मोडीत काढल्या. बाकीच्या चार-पाच येनला एक अशा गेल्या, हा मुख्य बुरुज १८० येनला. तेव्हा कात्सुबे मोतोएमोन हा शेतकरी आणि ताकागी गोम्पाची हा जुना सामुराई यांनी तेवढी रक्कम उभी करून तो वाचवला. सरकारला जे मोडीत घालायचं होतं ते त्यांनी पदरमोड करून राखलं. तुमच्या गावात चांगुलपणाची ही रीतच जुनी दिसते.

तुम्ही सांगितलंत म्हणून खंदकाकाठच्या कोइझुमी याकुमो संग्रहालयातही गेलो. याकुमो हे लेखक, लाफ्कादिओ हर्न हे त्यांचं मूळ नाव, १८९० मध्ये इंग्रजी शिकवायला मात्सुएत आले. डावा डोळा सोळाव्या वर्षी गेलेला, उजव्याने जेमतेम दिसायचं. कागद डोळ्याशी यावा म्हणून त्यांनी मुद्दाम उंच टेबल करून घेतलं होतं, ते तिथे आहे. त्यांनी लिहिलेली मात्सुएची पहाट आवाजांनी सुरू होते: आधी तांदूळ कांडणाऱ्या मुसळाचे ठोके, मग देवळाची घंटा, मग उगवत्या सूर्यापुढे वाजवलेल्या टाळ्या. मी वाचून दाखवलं. अण्णांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

आणि इचिबाताची गाडी! अण्णा रेल्वेतले म्हटल्यावर तुम्ही आम्हाला सरळ मात्सुए शिंजिको ओनसेन स्टेशनवरच धाडलंत, पुढे काय होणार ते न सांगता. शिंजी सरोवराच्या काठाने गाडी गेली, इचिबातागुचीला थांबली, आणि निघाली ती उलट्या दिशेने. डब्यात अण्णा एकदम ताठ बसले. "अगं, चालक टोक बदलून आला. आपल्या खंडाळ्याच्या घाटात १९२९ पर्यंत असंच गाडी उलटी फिरवायचं स्टेशन होतं!" आपल्या वरिष्ठांकडून ऐकलेलं सगळं त्यांनी मला तिथे सांगितलं. देवळाकडे जाणारा पुढचा फाटा महायुद्धात बंद झाला म्हणून गाडी इथून मागे वळते, हे मला नंतर कळलं. ते इचिबाताचं देऊळ डोळ्यांच्या दुखण्यासाठी प्रसिद्ध आहे. अण्णा नवस बोलणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी गाडीतूनच हात जोडले आणि पुन्हा रुळांच्या सांध्यांकडे कान लावला.

घरी परतल्यापासून ते फोनवर प्रत्येकाला तो किल्ला सांगतात. "मी बघून आलो" असं म्हणतात, आणि त्यांना कुणी दुरुस्त करत नाही.

त्यांनी तुम्हाला एक विचारायला सांगितलंय. खांबांवरच्या त्या लोखंडी पट्ट्यांना हाताला गंज लागला नाही. सरोवर इतकं जवळ, हवा दमट, तरी नाही. तुम्ही लोक त्यांना काय लावता? तेल की आणखी काही? सवडीने कळवा. ते वाट बघताहेत.

तुमची कृतज्ञ,
अण्णांची मुलगी