गिलावा चढण्यापूर्वी वीटकाम तपासले जावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घर बांधणारी माणसे सिमेंट, लोखंड आणि फरशी यांची बारकाईने चौकशी करतात. विटांच्या भिंतीविषयी मात्र ती ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, आहे की नाही एवढेच विचारतात, आणि पुष्कळदा तेही विचारत नाहीत. वीटकाम गिलाव्याखाली झाकले जाते, हे या उदासीनतेचे मुख्य कारण असावे. स्थापत्य अभियंता म्हणून माझे ठाम मत आहे की, भिंतीला तडे जाणे, ओल झिरपणे, गिलावा पोकळ वाजून सुटणे अशा कितीतरी तक्रारींचे मूळ वीटकामाच्या प्राथमिक नियमांकडे झालेल्या दुर्लक्षात असते. हे नियम घरमालकालाही डोळ्यांनी तपासता येण्याइतके साधे आहेत, म्हणून ते वाचकांपुढे मांडत आहे.

विटेची पारख करायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. चांगली भाजलेली वीट सर्वत्र एकसारख्या रंगाची आणि धारदार कडांची असते, दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज येतो, नखाने ओरखडा उठत नाही आणि साधारण मीटरभर उंचीवरून जमिनीवर टाकली तर ती फुटत नाही. चोवीस तास पाण्यात बुडवलेल्या सर्वसाधारण विटेने स्वतःच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये. आणखी एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. भट्टीतून नुकतीच निघालेली वीट हवेतील ओलावा घेऊन हळूहळू प्रसरण पावते आणि या प्रसरणाचा मोठा भाग सुरुवातीच्या काळात होतो. गरम विटा थेट भिंतीत घालणे म्हणूनच टाळावे.

भाजलेल्या मातीच्या विटा रचण्यापूर्वी पाण्यात भिजवाव्या लागतात. कोरडी वीट मसाल्यातील, म्हणजे विटा जोडणाऱ्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणातील, पाणी ओढून घेते, सिमेंटची रासायनिक क्रिया अपुरी राहते आणि सांध्यात चिकटपणा नसलेली भुसभुशीत वाळू उरते. अशा भिंतीतील वीट पुढे हाताने हलवली तरी सुटते. विटेवर वरवर पाणी शिंपडून हे काम भागत नाही. बुडवलेल्या विटेतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत ती पाण्यात राहिली पाहिजे. मात्र रचतेवेळी तिच्या पृष्ठभागावर पाणी निथळत असेल तर वीट मसाल्यावर तरंगते आणि सरकते, त्यामुळे बाहेर काढून थोडी निथळू देणेही तितकेच आवश्यक आहे. काँक्रीटच्या ठोकळ्यांना हा नियम लागू नाही. ते भिजवून बसवले तर वाळताना आकसतात आणि भिंतीला तडे देतात.

आता सांधेमोडीकडे, म्हणजे थराथरातील उभे सांधे एकमेकांवर न येऊ देण्याकडे, वळतो, कारण वीटकामाचा खरा प्राण तिथे आहे. एका थरातील उभा सांधा खालच्या थरातील उभ्या सांध्याच्या बरोबर वर येता कामा नये. सांधे एका रेषेत आले की भिंत म्हणजे शेजारी उभे केलेले सुटे खांब ठरतात आणि वरून येणारा भार आजूबाजूला पसरत नाही. सांधेमोड सहज साधावी म्हणून विटेची लांबी ही दोन रुंदी अधिक एक सांधा एवढी ठेवतात. मॉड्युलर, म्हणजे प्रमाणित मापाची, वीट 190 मिलिमीटर लांब आणि 90 मिलिमीटर रुंद असते. दहा मिलिमीटरचा सांधा धरला की हिशेब चोख जुळतो. सिंधू संस्कृतीतील विटांची जाडी, रुंदी आणि लांबी 1:2:4 या प्रमाणात आढळते, म्हणजे हे गणित हजारो वर्षांपूर्वीच्या कारागिरांनाही उमगले होते. विटा रचण्याच्या ठरावीक पद्धतीला बाँड म्हणतात. इंग्लिश बाँडमध्ये एक थर भिंतीच्या लांबीला समांतर ठेवलेल्या विटांचा, अर्थात स्ट्रेचरचा, आणि त्यावरचा थर भिंतीच्या जाडीत आडव्या घातलेल्या हेडर विटांचा असतो. फ्लेमिश बाँडमध्ये प्रत्येक थरातच हेडर आणि स्ट्रेचर आलटून पालटून येतात. तो दिसायला देखणा असला तरी त्याला अधिक कुशल हात लागतो. हेडरच्या थरात कोपऱ्यावरील विटेला लागून, लांबीत उभी चिरलेली अर्धी वीट घालावी लागते. ती विसरली तर पुढची सारी सांधेमोड बिघडते. अद्धे आणि तुकडे वापरायचे ते अशा ठिकाणी. मोडक्या विटा खपवण्यासाठी भिंतीच्या पोटात रोडे भरणे हा सरळ सरळ दोष आहे.

मसाल्याविषयीचा गैरसमज सर्वांत घट्ट आहे. सिमेंट जितके जास्त तितकी भिंत मजबूत, असे मानले जाते. वस्तुतः भिंतीवर भार आला की सांध्यातला मसाला बाजूला पसरू पाहतो, वीट त्याला अडवते आणि त्या ओढाताणीत विटेवर ताण येऊन ती उभी चिरते. भिंतीची ताकद एकट्या विटेच्या ताकदीपेक्षा बरीच कमी भरते, त्याचे हे प्रमुख कारण. सांधा जितका जाड तितका हा परिणाम वाढतो, म्हणून सांध्याची जाडी दहा मिलिमीटरच्या आसपास राखायची असते. एक वीट किंवा त्याहून जाड भिंतीला एक भाग सिमेंट आणि सहा भाग वाळू, तर अर्ध्या विटेच्या आडभिंतीला एकास चार हे प्रमाण सर्वसाधारणपणे पुरते. अतिरिक्त सिमेंटचा मसाला वाळताना जास्त आकसतो आणि पुढे भिंतीत हालचाल झाली की तडा सांध्याऐवजी विटांतून जातो. चुना मिसळलेला मसाला पाणी धरून ठेवतो, थापीखाली लोण्यासारखा पसरतो आणि किंचित हालचालही सोसतो. सिमेंटच्या घाईत आपण चुना दूर सारला, याचे मला मनापासून वाईट वाटते. कालवलेला मसाला किती वेळात संपवायचा, यावरही कटाक्ष हवा. साध्या सिमेंटचा घट्ट होण्याचा प्रारंभ पाणी घातल्यापासून 30 मिनिटांनंतर केव्हाही होऊ शकतो, त्यामुळे जेवणाच्या सुटीपूर्वी कालवलेल्या मसाल्यात नंतर पाणी घालून तो पुन्हा सैल करणे सर्वथा चूक आहे.

विटेवरील खाच वरच्या बाजूला ठेवावी, म्हणजे ती मसाल्याने पूर्ण भरते. उभे सांधे तर आवर्जून पाहावेत. आडव्या थरावर मसाला पसरला जातो, परंतु विटेच्या कडेला मसाला लावण्याचे कष्ट अनेकदा वाचवले जातात आणि वरवर थापी फिरवून फट बुजवली जाते. पावसाचे पाणी आत शिरते ते याच पोकळ्यांतून. आधी कोपरे उभारून, त्यांच्यामध्ये दोरी ताणून प्रत्येक थर घ्यावा. ओळंबा, पाणसळ (आडवी पातळी पाहण्याचे साधन) आणि गुण्या (काटकोन पाहण्याचे साधन) यांचा वापर थरागणिक व्हावा. एका दिवसात साधारण एक ते दीड मीटरहून उंच भिंत चढवू नये, कारण खालचा ओला मसाला दबून भिंत कलते. काम थांबवताना भिंतीचे टोक पायऱ्यापायऱ्यांनी उतरते सोडावे. मसाला ओला असतानाच सांधे दहा ते बारा मिलिमीटर खोल खरवडले, तर गिलाव्याला पकड मिळते. त्यानंतर किमान सात दिवस भिंत ओली राहिली पाहिजे.

काँक्रीटच्या सांगाड्यात विटा फक्त भरण्यासाठी असतात, मग एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. शिकागो येथील मोनॅडनॉक इमारतीच्या 1891 मधील भागाचे 16 मजले विटांच्या भिंतींवर उभे आहेत आणि त्यासाठी तळाशी भिंत सुमारे 1.8 मीटर जाड ठेवावी लागली. तशा भिंती आता लागत नाहीत हे खरे. पण सांगाड्यातील पातळ भिंतीत चूक पचवण्याइतकी जाडीच शिल्लक नसते. तुळईखालचा शेवटचा थर लगेच ठोकून भरला तर तुळई वाकताना तिचा भार भिंतीवर येतो. खालची भिंत पुरेशी बसू दिल्यानंतरच ती फट भरावी. त्याहून वाईट प्रकार वीजवाहिन्यांच्या खाचांचा. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून आणि आडवी खाच एक षष्ठांशाहून खोल नसावी, असा संकेत आहे. तरीही अर्ध्या विटेच्या भिंतीत हातोड्याने निम्म्या जाडीपर्यंत आडव्या खाचा फोडल्या जातात आणि मग त्याच रेषेत तडा दिसला की दोष सिमेंटला दिला जातो.

वास्तुरचनाकारांनी नकाशातच या खाचांच्या जागा दाखवाव्यात आणि घरमालकांनी करारनाम्यात गिलाव्यापूर्वी वीटकामाची स्वतंत्र तपासणी हा टप्पा लिहून घ्यावा, अशी माझी विनंती आहे. त्या तपासणीचा अहवाल होईपर्यंत गिलाव्यासाठी परांची बांधू देऊ नये. आपल्या वृत्तपत्राने बांधकामविषयक पानावर गवंड्यांच्या या कौशल्याला नियमित जागा दिली, तर ही मागणी पुष्कळ घरांपर्यंत पोहोचेल.

आपला विश्वासू,
एक स्थापत्य अभियंता